जक्कयाचा हिशेब



ख्रिस्ती धर्मग्रंथांतील कथा मराठी वाचकांस अगदींच परक्या आहेत असें नाहीं. नवा करार मराठींत प्रथम १८११ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें छापून निघाला; आणि तेव्हांपासून उधळ्या पुत्राची कथा, हरवलेल्या मेंढराची कथा, चांगल्या शोमरोन्याची कथा, ह्या ख्रिस्ती मंडळीच्या बाहेरहि पुष्कळांच्या कानांवर पडत आल्या आहेत. ओळखीच्या कथेचा एक तोटा मात्र असतो. शेवट आधींच ठाऊक असल्यामुळें मधल्या गोष्टींकडे आपलें लक्ष जात नाहीं. पाप्यास क्षमा मिळाली, त्याचें जीवन पालटलें, एवढें मनांत राहतें. आणि एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ह्या पाप्यानें ज्याला लुबाडलें होतें, त्याचें पुढें काय झालें? देवानें चोराला क्षमा केली हें ऐकून चोराला समाधान वाटेल. पण ज्याच्या घरांत चोरी झाली, त्याच्या पदरांत काय पडलें?

हा प्रश्न केवळ नास्तिकाचा नव्हे. न्यायाची चाड असणाऱ्या कोणाहि माणसाच्या मनांत तो येतो, आणि श्रद्धाळू माणसानें तर तो सर्वांच्या आधीं विचारला पाहिजे. ज्या धर्मांत कृपा ही शिकवणुकीच्या मध्यभागीं आहे, त्या धर्मांत ती स्वस्त होण्याचा धोकाहि तितकाच मोठा असतो. हा प्रश्न डोळ्यांपुढें ठेवून लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायांतील जक्कयाची गोष्ट आज आपणांपुढें मांडावी, आणि तिच्या अनुषंगानें आणखी दोन गोष्टींचा विचार करावा, असा माझा हेतु आहे.

गोष्ट अवघ्या दहा वचनांची आहे. येशू गालीलांतून यरुशलेमेकडे चालला असतां वाटेंत यरीहो नगर लागलें. तेथें जक्कय नांवाचा एक मनुष्य होता. तो जकातदारांचा मुख्य होता व श्रीमंत होता. येशू कोण आहे हें पाहण्याची त्याला इच्छा झाली. पण तो अंगानें ठेंगणा, आणि गर्दी दाट. म्हणून तो पुढें धांवत गेला आणि वाटेवरच्या एका झाडावर चढून बसला. येशू त्या जागीं आला, त्यानें वर पाहिलें, त्याला नांवानें हांक मारली, आणि त्याला त्वरेनें उतरावयास सांगून, आज आपला मुक्काम त्याच्याच घरीं व्हावयाचा आहे असें कळविलें. जक्कय आनंदानें उतरला. लोक कुरकुर करूं लागले कीं हा एका पाप्याच्या घरीं पाहुणा म्हणून गेला. तेव्हां जक्कय उभा राहिला. आपलें अर्धें द्रव्य आपण गरिबांस देत आहों, आणि कोणाचें कांहीं खोट्या कारणानें उकळलें असेल तर तें चौपटीनें परत करीत आहों, असें त्यानें सांगितलें. ह्यावर येशूनें उत्तर दिलें तें असें कीं ह्या घराला आज तारण लाभलें आहे, आणि हा मनुष्यहि अब्राहामाच्याच वंशांतला आहे.

आतां थोडें यरीहोविषयीं. हें नगर यार्देन नदीच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीहून सुमारें २५० मीटर खालीं वसलेलें आहे. पाऊस अगदीं थोडा, पण झऱ्यांचें पाणी भरपूर. त्यामुळें उजाड टेकड्यांच्या पायथ्याशीं हिरवें बेट असावें तसें तें दिसे. खजुराच्या बागा आणि बाल्सम नांवाचा सुगंधी चीक देणाऱ्या झाडांचे मळे ह्यांसाठीं त्याची प्राचीन काळीं मोठी ख्याति होती. हे मळे इतके मोलाचे कीं रोमचा सेनापति अँटनी ह्यानें ते इजिप्तच्या क्लिओपात्रा राणीस देऊन टाकले, आणि हेरोद राजाला आपल्याच मुलुखांतली ती जमीन तिच्याकडून खंडानें घ्यावी लागली, असें योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. पूर्वेकडून यार्देन ओलांडून यरुशलेमेस चढणारा व्यापाराचा मार्गहि ह्याच नगरावरून जाई. अशा ठिकाणीं जकातीचें नाकें असावयाचेंच.

इ. स. ६ मध्यें यहूदीया प्रांत रोमच्या प्रत्यक्ष अंमलाखालीं आला. जमिनीचा व डोईचा कर सरकारी व्यवस्थेनें वसूल होई. मालावरची जकात मात्र मक्त्यानें देण्याची चाल होती. मक्तेदारानें ठरलेली रक्कम सरकारांत भरावयाची, आणि मग ती रक्कम व तिच्यावर जें सुटेल तें येणाऱ्याजाणाऱ्यांकडून काढावयाचें. मक्ता म्हणजे काय, हें मराठी माणसास फोड करून सांगावयास नको. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती लिलावानें देण्यांत येऊं लागल्या, तेव्हां रयतेची काय दशा झाली तें एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत नमूद आहे. पद्धत तीच आणि परिणामहि तोच. मक्तेदार जितका निर्दय, तितका त्याचा नफा अधिक. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे कांहीं जकातदार आले व आम्हीं काय करावें असें विचारूं लागले, तेव्हां त्यानें त्यांना उपासतापास सांगितले नाहींत. ठरलेल्या दरापेक्षां अधिक घेऊं नका, एवढेंच सांगितलें. ह्यावरून प्रघात काय होता हें उघड दिसतें.

जक्कय हा नाक्यावर बसणारा नुसता कारकून नव्हता. त्याच्यासाठीं लूकानें जो ग्रीक शब्द योजला आहे, तो नव्या करारांत दुसऱ्या कोठेंहि येत नाहीं. त्याचा अर्थ जकातदारांचा मुख्य. हाताखालीं माणसें ठेवून वसुली करविणारा, आणि त्या माणसांच्या लुबाडणुकींत ज्याचा वांटा पडे, असा हा मनुष्य असला पाहिजे. विशेष हें कीं त्याच्या नांवाचा मूळ हिब्रू अर्थ ‘शुद्ध’, ‘निर्दोष’ असा आहे. यरीहोच्या बाजारांत ह्या नांवावर किती कोट्या झाल्या असतील, त्याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून त्या दिवशींची लोकांची कुरकुर मी हंसण्यावारी नेऊं इच्छीत नाहीं. प्रवचनांतून ह्या लोकांना बहुधा कोत्या मनाचे, दुसऱ्याचें भलें न पाहवणारे ठरविण्यांत येतें. पण ते होते कोण? रस्त्याच्या कडेला उभी असलेली ती गर्दी यरीहोचीच होती. खजुराची पाटी घेऊन नाक्यावर तिष्ठत राहिलेला शेतकरी तींत असेल. मालाची किंमत दुप्पट लावल्यामुळें कर्जांत बुडालेला लहानसा व्यापारी असेल. एखादी विधवा असेल. ज्या घरांत हा नामांकित गुरु आज जेवणार, तें घर त्यांच्याच पैशांनीं उभें राहिलें होतें. कुरकुर करण्याचा हक्क त्या दिवशीं यरीहोंत कोणाला असेल, तर तो ह्या लोकांना होता. आणि गोष्ट नीट वाचली तर असें दिसेल कीं येशूनें त्यांना ह्याबद्दल एका शब्दानेंहि दोष दिलेला नाहीं.

त्या झाडाविषयीं दोन शब्द बोलण्याचा मोह आवरत नाहीं. इंग्रज वाचक त्याला ‘सिकमोर’ म्हणतो, आणि त्याच्या देशांत ह्या नांवानें ओळखलें जाणारें झाड अगदींच निराळ्या जातीचें आहे. आपल्या भाषांतरकारांनीं येथें ‘उंबर’ हा शब्द घातला, आणि तो मुळाच्या फार जवळ जातो. कारण तें झाड आपल्या उंबराच्याच कुळांतलें, खोडाला व जाड फांद्यांना घोसांनीं फळें धरणारें, आणि फांद्या खालींच फुटत असल्यामुळें चढावयास सोपें असें आहे. पोरांनीं चढावें असें झाड. नगरांतील धनाढ्य मक्तेदार सर्वांदेखत धांवत जातो आणि त्यावर चढतो! गर्दीनें त्याला वाट दिली नाहीं, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. एरवीं श्रीमंताला वाट करून देण्यांत येते. ठेंगणा माणूस पुढें उभा राहिला असतां मागच्या कोणाचेंहि दृष्टिसुख बुडालें नसतें. पण त्या दिवशीं यरीहोच्या लोकांनीं आपले खांदे एकमेकांस भिडवून ठेवले. त्यांच्याजवळ सूड घेण्याचें तेवढेंच एक साधन होतें.

येशूनें वर पाहून जें केलें त्याचें महत्त्व आपल्या देशांत समजावयास अडचण पडूं नये. कोण कोणाच्या पंगतीला बसतो ह्यावरून माणसाची समाजांतली जागा ठरते, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें आहे. त्या काळच्या यहुदी समाजांतहि पापी समजल्या जाणाऱ्यांच्या घरीं धर्मनिष्ठ मनुष्य जेवीत नसे. जकातदार हा परक्या सत्तेचा हस्तक आणि शिवाय उघड उघड लबाड. म्हणजे दोन्हींकडून बहिष्कृत. अशा माणसाचें आमंत्रण स्वीकारणें ही मोठी गोष्ट झाली असती. येशूनें आमंत्रणाची वाटहि पाहिली नाहीं. त्यानें स्वतःच स्वतःला बोलावून घेतलें. आणि तेंहि आधीं पश्चात्ताप कर, आधीं लोकांचे पैसे परत दे, मग मी येईन, अशी कोणतीहि अट न घालतां. कृपा म्हणून जी वस्तु ख्रिस्ती धर्मांत सांगितली आहे, ती हीच. ती अगोदर येते. पात्रता पाहून जें मिळतें त्याला आपण मजुरी म्हणतों, बक्षीस म्हणतों. कृपा म्हणत नाहीं.

येथपर्यंत आलें म्हणजे आपला प्रश्न अधिकच टोंचूं लागतो. कृपा जर अशी बिनशर्त येत असेल, तर खजुराच्या पाटीवाल्या शेतकऱ्याचें काय?

उत्तर जक्कयाच्या तोंडून येतें, आणि तें आकड्यांत येतें. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो रडला, त्यानें ऊर बडवून घेतला, असें लूक सांगत नाहीं. आपण किती पापी आहों ह्याविषयीं त्यानें लांबलचक भाषण केलें असेंहि नाहीं. तो उभा राहिला आणि त्यानें हिशेब सांगितला. ह्या हिशेबांत दोन खातीं आहेत, आणि त्यानें तीं एकमेकांत मिसळूं दिलेलीं नाहींत. एक खातें गरिबांचें, दुसरें लुबाडलेल्यांचें. पहिलें दान आहे. दुसरें देणें आहे. अन्यायानें पैसा मिळवावा आणि त्यांतला कांहीं भाग धर्मशाळेला, घाटाला, देवळाच्या किंवा चर्चच्या इमारतीला देऊन मोकळें व्हावें, ही रीत सर्व देशांत व सर्व धर्मांत आढळते. दान दिलें कीं नांव होतें, दगडावर अक्षरें कोरलीं जातात. परतफेड करावयाची तर ज्याचे घेतले त्याच्या दारीं जावें लागतें, आणि तेथें कोणी दगड कोरीत नाहीं. दानानें देणें फिटत नाहीं, एवढें जक्कयाला कळलें होतें.

चौपटीचा आंकडा त्यानें कोठून काढला? मोशेच्या नियमशास्त्रांत परतफेडीचे निरनिराळे दर सांगितले आहेत. गणना नांवाच्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत, ज्यानें दुसऱ्याचें बुडविलें व जो आपण होऊन तें कबूल करतो, त्यानें मूळ रक्कम आणि तिच्यावर एक पंचमांश अधिक द्यावा, असें आहे. म्हणजे शंभराला एकशेंवीस. निर्गम पुस्तकांत चोराचे दर आहेत. चोरलेलें जनावर त्याच्याजवळ जिवंत सांपडलें तर दुप्पट. पण मेंढरूं चोरून त्यानें तें कापलें किंवा विकलें असेल तर चौपट, आणि बैल असेल तर पांचपट. आतां जक्कयाला कोणीं पकडलें नव्हतें, त्याच्यावर फिर्याद नव्हती, आणि रोमन सत्ता पाठीशीं असतां ती होण्याचा संभवहि थोडा होता. आपण होऊन कबुली देणाऱ्याचा एकशेंविसाचा दर त्याला सहज लागू होता. त्यानें स्वतःला चारशें लावले. आपण केलें तें हिशेबांतली चूक नव्हती, दुसऱ्याचें मेंढरूं चोरून कापून खाल्लें, असें त्यानें त्या एका आकड्यानें कबूल केलें.

हा हिशेब मांडून पाहूं. जक्कयाची सारी मालमत्ता दहा हजार रुपये होती असें समजा. पांच हजार गरिबांस गेले, उरले पांच. त्याच्या संपत्तींतले जर साडेबाराशें रुपये लबाडीचे असतील, तर त्यांची चौपट बरोबर पांच हजार होते, आणि तो निष्कांचन होतो. म्हणजे त्याच्या धनाचा अवघा आठवा हिस्सा काळा असला, तरी त्याच्यापाशीं कांहीं उरत नाहीं. जकातीच्या मक्तेदाराच्या धनांत काळा हिस्सा आठवाच असेल, असें यरीहोंतील कोणीहि मान्य केलें नसतें. जक्कय आयुष्यभर आकडेमोड करीत आला होता; हा हिशेब त्याला कळला नसेल असें मानण्याचें कारण नाहीं.

एक अडचण उरते, आणि ती व्यवहारांतली आहे. ज्याला आपण लुबाडलें तो कोण, हें ठाऊक असेल तर परतफेड करतां येईल. पण नाक्यावरून रोज शेंकडों माणसें जातात. त्यांचीं नांवें कोणाला ठाऊक? यहुदी धर्मपंडितांनीं ह्या अडचणीचा फार प्रामाणिकपणें विचार केलेला आहे. तालमूद ग्रंथाच्या ‘बाबा कम्मा’ ह्या भागांत असें सांगितलें आहे कीं गुराखी, वसूलदार व जकातदार ह्यांना पश्चात्ताप करणें कठीण; त्यांनीं जे ओळखीचे असतील त्यांचें त्यांना परत द्यावें. जें उरतें त्याचीहि वाट सांगितली आहे. त्यांतून लोकोपयोगी कामें करावीं, पाण्याचीं टाकीं खोदावीं, म्हणजे निनांवी माणसांचें निनांवी माणसांना पोहोंचेल. मला हें वाचून जक्कयाच्या पहिल्या खात्याचाहि थोडा निराळा अर्थ दिसूं लागतो. गरिबांना दिलेल्या त्या अर्ध्या भागांत, ज्यांचे पत्ते आतां लागणार नाहींत अशांचाहि वांटा असावा. पण तेवढ्यावर त्यानें भागविलें नाहीं, हें महत्त्वाचें. ज्यांचा पत्ता लागतो त्यांच्यासाठीं दुसरें खातें त्यानें वेगळें ठेवलें.

ह्या भाषणाच्या अर्थाविषयीं विद्वानांत एक वाद आहे, तोहि सांगितला पाहिजे. मूळ ग्रीकांत ‘देतों’ आणि ‘परत करतों’ हीं क्रियापदें वर्तमानकाळीं आहेत. त्यावरून विसाव्या शतकांत कांहीं अभ्यासकांनीं असें प्रतिपादन केलें कीं जक्कय येथें नवा संकल्प सोडीत नसून आपली नेहमींची रीत सांगत आहे. लोकांनीं त्याच्यावर आळ घेतला, आणि येशूनें त्याची अब्रू राखली. व्याकरणाच्या दृष्टीनें हें अशक्य नाहीं. परंतु मला तें पटत नाहीं. जो मनुष्य लोकांना नेहमीं फसवीत नाहीं त्याला नेहमीं चौपट परत करण्याचा प्रसंग कसा येईल? शिवाय शेवटीं येशूनें ‘आज’ ह्या शब्दावर जोर दिला आहे, आणि आपण हरवलेल्यांना शोधावयास आलों आहों असें म्हटलें आहे. ज्याची नुसती बदनामी झाली, त्याला हरवलेला म्हणत नाहींत. जाता जातां एक गंमत. उकळण्यासाठीं जक्कयानें जें ग्रीक क्रियापद वापरलें, त्याच्या आरंभीं अंजीर हा शब्द आहे, आणि तो ज्या झाडावर चढला त्याच्या ग्रीक नांवांतहि अंजीर आहे. ह्यावरून कोणीं गूढ अर्थ काढूं नये. पण लूकासारख्या शब्दांच्या जाणकारानें हें ऐकलें नसेल असेंहि वाटत नाहीं.

मागच्याच अध्यायांत लूकानें दुसऱ्या एका श्रीमंताची गोष्ट सांगितली आहे. तो सच्छील, लहानपणापासून आज्ञा पाळणारा. त्याला येशूनें सारें विकून गरिबांस वांटण्यास सांगितलें, आणि तो खिन्न झाला. जक्कयाला येशूनें पैशाविषयीं एक अक्षरहि सांगितलें नाहीं, आणि त्याची थैली आपोआप उघडली. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवण्यांत लूकाचा कांहीं हेतु असला पाहिजे. मला त्याचा अर्थ असा वाटतो. ज्याला आपल्या पुण्याची जमा ठाऊक आहे, त्याला आणखी देणें म्हणजे तोटा वाटतो. ज्याला कोणीं कधीं दारांत उभें केलें नाहीं, त्याच्या घरीं पाहुणा आला, म्हणजे त्याला आपल्या घरांतली कोणती वस्तु कोणाची आहे हें एकाएकीं दिसूं लागतें. शिक्षेच्या भीतीनें त्यानें हिशेबाच्या वह्या लपविल्याच असत्या. माणूस म्हणून हांक आल्यावर त्या त्यानें बाहेर काढल्या. कृपेनें न्यायाला बाजूस सारलें असें ह्या गोष्टींत कोठेंहि झालेलें नाहीं. न्यायाच्या दाराची कडी आंतून काढली गेली, एवढेंच झालें. पुढील काळांतील एका परंपरेप्रमाणें जक्कय हा कैसरियाचा बिशप झाला. लूकाला त्याच्या पदवीची चिंता नाहीं. तो त्याला चौपटीच्या शब्दावर सोडतो आणि पुढें जातो.

परंतु सर्वच देणीं पैशांचीं नसतात. चौपटीचा हाच आंकडा जुन्या करारांत एका राजाच्या तोंडीं आलेला आहे, आणि तेथें तो आंकडा निरुपयोगी ठरला.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत ती हकीकत आहे. दावीद राजानें आपल्या सैन्यांतील उरीया हित्ती ह्याची बायको बथशेबा हिला माणसें पाठवून वाड्यांत आणविलें. राजाच्या माणसांना नकार देण्याची सोय तिला कोठली? तिला दिवस गेल्याचें कळल्यावर दावीदानें उरीयाला लढाईच्या तोंडाशीं उभें करवून मारविलें, आणि तिच्याशीं विवाह केला. मग नाथान नांवाचा संदेष्टा राजाकडे आला व त्यानें एक फिर्याद सांगितली. एका श्रीमंताजवळ पुष्कळ गुरेंमेंढरें होतीं. शेजारच्या गरिबाजवळ एकच कोंकरूं, पोटच्या मुलीसारखें वाढविलेलें. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हां त्यानें त्या गरिबाचें कोंकरूं नेऊन कापलें. राजा संतापला, तो मनुष्य मरणास पात्र आहे म्हणाला, आणि कोंकऱ्याबद्दल चौपट भरून देण्याचा निकालहि त्यानें दिला. नाथानानें राजाकडेच बोट दाखविलें.

दावीदानें पाप कबूल केलें, आणि देवानें तुझें पाप दूर केलें आहे, तूं मरणार नाहींस, असें नाथानानें त्याला सांगितलें. ही कृपा. पण चौपटीचा निकाल उरीयाच्या बाबतींत कसा बजावावयाचा? चार उरीया कोठून आणावयाचे? ह्या ठिकाणीं जुन्या कराराच्या लेखकानें कांहीं झांकलेलें नाहीं. राजाला क्षमा झाली, परंतु त्याच्या घरांतून तरवार हलली नाहीं. मुलांनीं एकमेकांचे जीव घेतले, एका मुलानें बापाविरुद्ध बंड केलें. आणि सर्वांत अवघड भाग हा कीं बथशेबेचें तान्हें मूल मेलें. त्या बालकानें काय केलें होतें, ह्याला समाधानकारक उत्तर मला कोठेंहि आढळलें नाहीं. आणि जीं उत्तरें देण्यांत येतात तीं बहुधा त्या आईच्या समोर बसून देतां येण्यासारखीं नसतात.

मात्र एक गोष्ट ह्या संबंधांत सांगण्यासारखी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ येशूच्या वंशावळीनें होतो. ती बहुतेक वाचक ओलांडून पुढें जातात. तींत पुरुषांच्या पिढ्यांमध्यें तामार, राहाब, रूथ ह्या स्त्रियांचीं नांवें येतात. शलमोनाच्या जन्माशीं आल्यावर मात्र मत्तय आईचें नांव लिहीत नाहीं. जी उरीयाची होती, तिच्या पोटीं, अशा अर्थाचे शब्द घालतो. बथशेबेचें नांव गळलें ही खंत राहतेच. पण एक हजार वर्षांनंतर, ज्या राजघराण्याच्या गौरवासाठीं ही वंशावळ लिहिली गेली, तिच्या मध्यभागीं त्या मारल्या गेलेल्या शिपायाचें नांव उभें आहे. दावीदाला क्षमा झाली म्हणून उरीयाचें नांव खोडलें गेलें नाहीं. परतफेड अशक्य असते तेथें निदान स्मरण राहूं द्यावें, एवढा न्याय त्या लेखणीनें केला. ज्या घरांत, ज्या गांवांत, ‘झालें गेलें विसरून जा’ असें पीडितालाच प्रथम सांगण्यांत येतें, तेथें ही वंशावळ मोठ्यानें वाचली जावी असें मला वाटतें.

तिसरी गोष्ट लहान आहे. पौलानें तुरुंगांतून फिलेमोन नांवाच्या ख्रिस्ती गृहस्थास लिहिलेलें एक पत्र नव्या करारांत आहे. त्यांत फक्त पंचवीस वचनें आहेत. फिलेमोनाचा अनेसिम नांवाचा गुलाम घर सोडून गेला होता आणि पौलाच्या सहवासांत ख्रिस्ती झाला होता. पौल त्याला परत पाठवितो. पण गुलाम म्हणून नव्हे, गुलामापेक्षां अधिक असा प्रिय बंधु म्हणून त्याला घे, असें लिहितो. ह्या पत्राचा दुरुपयोगहि झालेला आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील गुलामगिरीच्या समर्थकांनीं, पळालेला गुलाम धन्याकडे परत पाठविणें हें शास्त्रसंमत आहे, असें दाखविण्यासाठीं ह्याच पत्राचा आधार घेतला. त्यांनीं पहिलें अर्धें वाक्य वाचलें आणि दुसरें सोडलें. गुलामगिरी ही संस्थाच अन्यायाची आहे असें पौलानें येथें स्पष्ट शब्दांत लिहिलें असतें, तर त्यांना हें जड गेलें असतें. त्यानें तसें लिहिलें नाहीं, ही उणीव मान्य केली पाहिजे.

तरी पत्राच्या शेवटाकडे जें आहे तें आपल्या विषयाला धरून आहे. अनेसिमानें कांहीं नुकसान केलें असेल किंवा त्याच्याकडे कांहीं येणें असेल, तर तें माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असें पौल म्हणतो. आणि हें आपण दस्तुरखुद्द लिहीत आहों असें मुद्दाम नमूद करतो. तुरुंगांतला म्हातारा माणूस, आणि तो एका गुलामाच्या कर्जाला जामीन राहतो! येथेंहि देणें सोडून द्या असें कोणी म्हणत नाहीं. देणें आहे हें मान्य आहे. तें कोणीं भरावयाचें, एवढेंच बदललें आहे. फिलेमोनाच्या उदार मनाची स्तुति केल्यावर पौल त्याला, तुझें स्वतःचें देणें माझ्याकडे किती आहे तें मी बोलत नाहीं, अशी हळूच आठवणहि करून देतो. पत्र लिहिण्याची कला शिकावयाची असेल त्यानें हा भाग अवश्य वाचावा.

आणि सह्या, सलाम येण्यापूर्वीं पौल आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट लिहितो. माझ्या सुटकेसाठीं तुम्ही प्रार्थना करीत आहां, तेव्हां मी तुमच्याकडे येईन अशी आशा आहे. फिलेमोनानें आपल्या घरीं माझ्यासाठीं उतरावयाची जागा तयार ठेवावी.